मार्का

विश्रामबागेतल्या कॉलेजात, मागच्या जिन्याखाली,
जुन्या झेरॉक्सच्या खोलीत आमचा मायक्रोस्कोप.
खिडकीला काळा कागद, कागदाला भोक,
भोकातून तिरीप थेट शेडबाळे सरांच्या टकलावर.
ती बुजवायचं तीन वर्षं राहून गेलंय.

सर पोरींना सांगतात, पेशीत प्रथिनं लाखो,
सगळी पाण्यासारखी, रंग ना रूप.
शनिवारच्या बाजारात चुकलेलं पोर
अंगावर खूण नसेल तर शोधायचं कसं?
म्हणून त्याच्या जनुकाच्या शेपटीला
आम्ही आणखी एक जनुक शिवतो.
प्रथिन जन्मतं तेच पाठीवर रिकामी खुंटी घेऊन.
रंग मागाहून येतो. बाहेरून, भिंतीतून झिरपत,
बाकी कुणाला न विचारता खुंटीपाशी येऊन थांबतो
आणि अडकतो.
कुणी अडकवत नाही. सोडवताही येत नाही.

ती खुंटी मातीतल्या एका जंतूची.
मूळ धंदा तिचा धरायचं, क्लोरीन तोडायचा,
आणि हात झटकून पुढचं गिऱ्हाईक बघायचं.
कुणीतरी तिच्या माळेतला एक मणी बदलला,
दोनशे बहात्तरावा,
आणि ती सोडायचं विसरली.
एवढ्याशा विसरण्यावर आमचं पोट.

दादा मार्केट यार्डात मार्का मारायचे.
पत्र्यात कोरलेली अक्षरं, निळ्या शाईचा कुंचला,
पोत्यावर एकच फटकारा: पेढी, लॉट, वजन.
छत्तीस वर्षं हळदीवर दुसऱ्यांची नावं.
शाई पोत्यात उतरायची, हळद दादांच्यात.
अजून भाकरी मोडताना
दुमडीवर पिवळा अंगठा उमटतो.

परवा कंट्रोलची डिश चमकली.
जिच्यात खुंटी नाही, रंग नाही, काही म्हणता काही नाही,
ती काठोकाठ हिरवी.
रुबीना मुल्लाणी म्हणाली, मॅडम, चमत्कार.
सर म्हणाले, घाण.
बफर बदललं, बाटल्या बदलल्या, ग्लोव्हजचा खोका नवा फोडला,
डिश तरी चमकतेच.
तिसऱ्या दिवशी वैतागून
माझंच बोट निळ्या उजेडात धरलं.
पेटलं.
मग आठवली डब्याची पिशवी.
दादांनी शिवलेली, जुन्या पोत्याची,
आतून अजून अर्धा मार्का: "...दूम आणि मंडळी".

मी तिघींसमोर डिश धुतली.
एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा हळद गेली.
तिला कुणी धरलंच नव्हतं.
शेजारच्या डिशमधला लाल तसाच बसून,
आणि आज सकाळी जन्मलेल्यांवर दुसरा रंग, निळसर.
एका पेशीत कालचे आणि आजचे,
एकमेकांना ओलांडून जाताना.

दादांना दाखवायला आणलं.
चष्मा कपाळावर, एक डोळा मिटलेला,
बराच वेळ बोलले नाहीत.
मग सरांना विचारलं, हा मार्का वजनाला किती?
सर म्हणाले, तेहतीस.
आणि माल?
वीस.

दादांनी डोळा काढला.
"पोत्यापेक्षा मार्का जड?
मग चालतंय ते मालाच्या मनानं
का मार्क्याच्या?
बारदान वजा करता की नाही तुम्ही?"

बाहेर कुणीतरी झेरॉक्स विचारत आलं,
त्याला सांगितलं, पाच वर्षांपूर्वी बंद झालं.
सर तिरिपीतच उभे.
खिशातलं पेन काढून
ग्लोव्हजच्या खोक्यावर लिहिलं: बारदान.
खाली दोन रेघा.